दुबईच्या शाळेचा पगार कोणी सांगत नाही, तर आधी तिथली फी बघा

आपल्याकडे आता गावागावात एखादा तरी सापडतेच, बीएड झालेला, टीईटी पास, टेटचा (शिक्षक अभियोग्यता चाचणीचा) स्कोर पण बरा, आणि सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या पुढच्या यादीची वाट पाहून राहिला. नंबर लागला तरी आधी शिक्षणसेवक, त्याचं मानधन 2023 मध्ये वाढलं तेव्हा प्राथमिकला 6,000 चे 16,000 झाले आणि माध्यमिकला 8,000 चे 18,000. विनाअनुदानितवाल्यांचं तर विचारूच नका, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. अशा माणसाच्या व्हॉट्सॲपवर मग एक दिवस येऊन पडते, दुबई, इंटरनॅशनल स्कूल, पगार दीड लाख, राहणं खाणं फ्री, लवकर संपर्क करा. आता दीड लाख वाचल्यावर कोणाचं डोकं जागेवर राहते? म्हणून हे लिहून राहिलो, की त्या दीड लाखाच्या मागं काय आहे ते घरबसल्या, एक रुपया कोणाला न देता कसं शोधायचं. मी मुख्य करून युएईचं, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा ज्या देशात आहेत त्याचं सांगतो कारण आपले बहुतेक लोक तिकडंच अर्ज टाकतात आणि तिथली माहिती सगळ्यात जास्त उघडी आहे.

पहिले शाळा कोणत्या प्रकारची ते पक्कं करा. नावात इंटरनॅशनल असलं म्हणजे काही होत नाही, आपल्याकडे पण तालुक्याच्या ठिकाणी पत्र्याच्या शेडवर इंटरनॅशनल लिहिलेलं असते. आखातात मोटामोटी दोन जग आहेत. एक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा, म्हणजे बहुतेक सीबीएसई, बोर्डाच्या देशाबाहेर दोनशेहून जास्त शाळा आहेत आणि त्यातल्या बहुतांश आखातातच. दुसरं ब्रिटिश, अमेरिकन, आयबीवाल्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या) शाळा. या दोन्हीत पगाराचा फरक दुप्पट तिप्पट आणि कधी त्याहून जास्त. सीबीएसई शाळांच्या जाहिराती साधारण महिन्याला 3,000 ते 6,000 दिरहॅमच्या (युएईचं चलन, रुपयाचा हिशोब खाली आहे) घरात दिसतात, ब्रिटिश शाळांमध्ये पूर्ण शिक्षकाला 9,000 च्या वर आणि राहायची सोय वेगळी. पण दुसऱ्या जगात आपला नुसता बीएड चालत नाही बहुतेक वेळा, तिथं इंग्लंडची क्यूटीएस (तिथली शिक्षक पात्रता) नाहीतर अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं टीचिंग लायसन्स, नाहीतर आयबीचा अनुभव मागतात.

इथं एक गोष्ट नीट वाचा, ब्रिटिश शाळेतून भारतीय बीएडवाल्याला ऑफर येते ती पुष्कळदा शिक्षकाची नसतेच, लर्निंग असिस्टंटची असते, म्हणजे वर्गात दुसरीच मॅडम शिकवणार आणि तुम्ही मदतीला. पगारही तसाच. शाळेचं नाव मोठं, फोटो मस्त, आणि ऑफर लेटरवर पदाच्या जागी असिस्टंट लिहिलेलं. काम वाईट नाही ते, पुढं जायला कामीही येते, पण गावात शिक्षक म्हणून पेढे वाटण्याआधी पद वाचून घ्या.

फीवरून पगार कसा काढायचा

शाळा पगार जाहीर करत नाही, पण दुबईत प्रत्येक खासगी शाळेची फी सरकारच जाहीर करते. तिथं केएचडीए नावाची संस्था आहे, खासगी शाळांवर देखरेख करणारी, तिच्या वेबसाईटवर शाळेचं नाव टाकलं की इयत्तेनुसार मंजूर फी निघते. आणि पगार शेवटी फीमधूनच जातो ना, शेठ घरून आणून थोडीच देते.

आता आपला ठोकताळा मांडा. समजा सीबीएसई शाळेची फी वर्षाला 8,000 दिरहॅम आहे आणि वर्गात 30 लेकरं, म्हणजे एका वर्गाची वर्षाची कमाई झाली 2 लाख 40 हजार. त्यातले अर्धे पगारावर जातात असं धरा, राहिले 1 लाख 20 हजार. एका वर्गामागं दीड शिक्षक लागते (भाषा, खेळ, कॉम्प्युटरवाले धरून), म्हणजे एकाच्या वाट्याला 80,000, महिन्याचे साडेसहा हजाराच्या थोडे वर. पण यातूनच प्रिन्सिपल, सुपरवायझर, ऑफिस, सगळ्यांचे विमे, व्हिसा, तिकीट. म्हणून हातात 4,000 च्या आसपास येणार हे मनात धरूनच चला. तिकडं 60,000 फीवाल्या शाळेत 22 लेकरांचा वर्ग धरला तर 13 लाख 20 हजार, अर्धे 6 लाख 60 हजार, दोन माणसांत वाटले तर एकाचे महिन्याला साडेसत्तावीस हजार, त्यात घर, विमा, तिकीट, वरची मंडळी सगळं बसते. हा हिशोब काही ऑडिट नाही, अर्धे आणि दीड हे मी धरलेले आकडे आहेत, पण एक काम तो पक्कं करते. 8,000 फीवाल्या शाळेच्या नावावर कोणी तुम्हाला 12,000 पगार सांगत असेल तर तो शाळेचा माणूसच नाही, हे लगेच कळते.

फीसोबत अजून एक बघा, फी वाढवायची परवानगी. दुबईत शाळेला मनाला येईल तेवढी फी वाढवता येत नाही, दरवर्षी एक निर्देशांक ठरतो, 2025-26 साठी तो 2.35 टक्के होता. म्हणून मुलाखतीत कोणी म्हणालं की पहिल्या वर्षी कमी घ्या पुढच्या वर्षी डबल करू, तर डबल कुठून करणार ते त्यालाच विचारा. पगाराची घासाघीस सही करायच्या आधीच होते, नंतर शंभर दोनशे दिरहॅमवर गाडी अडते.

तपासणी अहवाल वाचायचा कसा

केएचडीएच्याच वेबसाईटवर शाळेचे तपासणी अहवाल आहेत. आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, वीक असे शेरे. लोक फक्त शेरा बघून बंद करतात. पण कामाचं पहिल्या पानांवरच्या माहितीत असते, आणि ते कोणी सांगत नाही. तिथं शिक्षकांची संख्या, असिस्टंटची संख्या, एका शिक्षकामागं किती विद्यार्थी, शिक्षकांमध्ये सगळ्यात जास्त कोणत्या देशाचे, आणि शिक्षक सोडून जाण्याचं प्रमाण टक्क्यांमध्ये दिलेलं असते. 2024-25 मध्ये जुन्या शाळांची पूर्ण तपासणी झाली नाही, त्यामुळं बहुतेकांचा 2023-24 चा अहवाल मिळेल, चालते, दोन तीन वर्षं मागचेही उघडा.

सोडून जाण्याचा आकडा मी पहिले बघतो. दहा टक्के असेल तर लोक टिकून आहेत. तीस पस्तीस टक्के, आणि तेही सलग तीन अहवालात, म्हणजे दर तीन वर्षांनी स्टाफरूम नवी होऊन राहिली, मग कारण पगार असो की प्रिन्सिपल असो, तुम्हाला भोगायचं तेच. एखाद्या वर्षीच आकडा चढला असेल तर शाळा विकली गेली की काय, नवा मालक आला का, ते गुगल करून बघा. आणि कोणत्या देशाचे शिक्षक जास्त, या ओळीवरून कळते की ही शाळा आपल्यासारख्याला पूर्ण शिक्षक म्हणून घेते की नाही. तिथं भारतीय लिहिलं असेल तर अर्ज करा, ब्रिटिश लिहिलं असेल तर वर असिस्टंटचं सांगितलं ते आठवा.

अबुधाबीत हेच काम अडेक करते, शारजात एसपीईए, त्यांचेही अहवाल ऑनलाईन आहेत. सीबीएसईची मान्यता खरी आहे की नाही ते बोर्डाच्या सारस पोर्टलवर, आयबी आणि केंब्रिजची त्यांच्या त्यांच्या वेबसाईटवरच्या शाळा शोधात. शाळा तिथं नसेल तर पुढं वाचायचीच गरज नाही.

ओमानमध्ये भारतीय शाळा एका बोर्डाखाली चालतात, सौदीत जेद्दा, रियाध, दम्मामच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल आपल्या दूतावासाच्या आश्रयाखाली आहेत, त्यांच्या भरतीच्या सूचना शाळेच्या वेबसाईटवर निघतात, तिथं एजंट मधात येण्याचं काही कारणच नाही. थायलंड, व्हिएतनाम, चीनचं थोडक्यात सांगतो, नुसतं इंग्रजी शिकवायचं असेल तर पासपोर्ट कोणत्या देशाचा ते बघतात आणि आपला बऱ्याचदा चालत नाही, खास करून चीनमध्ये. गणित, विज्ञानवाल्यांना तिकडं चान्स आहे.

पगार इतका कमी काहून आहे, हेही समजून घ्या, कारण घासाघीस करताना कामी येते. तिथं आधीच राहणाऱ्या हजारो भारतीय कुटुंबांत बायका शिकलेल्या आहेत, नवऱ्याच्या व्हिसावर आहेत, घर नवऱ्याचं आहे. शाळेला त्यांना घर द्यावं लागत नाही, विमानाचं तिकीट नाही. अशी मॅडम 3,500 मध्ये तयार असताना शाळा आर्वीच्या किंवा पुसदच्या माणसाला सगळा खर्च करून का नेईल? नेते ती अशाच विषयाला ज्याचा माणूस तिथं भेटत नाही, फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स, वरच्या वर्गाचा. तुमचा विषय यातला असेल तर थोडं ताणून धरा. प्राथमिकचे असाल तर स्पर्धा त्या मॅडमशी आहे, आणि तिचं घरभाडं वाचलेलं आहे, तुमचं नाही.

आकडा फोडून बघा

ऑफर आली की एकूण आकडा बाजूला ठेवा. कापसाचा भाव व्यापारी सांगते तो वेगळा आणि काट्यावर कडता कापून हातात येते तो वेगळा, तसंच हे. बेसिक किती आणि भत्ते किती ते वेगळं लिहून मागा. युएईत नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा पगार, त्यानंतरच्या वर्षांना 30 दिवसांचा, पण तो फक्त बेसिकवर. दोघांचाही पगार 5,000 आहे, एकाचा बेसिक 4,000 आणि दुसऱ्याचा 2,000, तर पाच वर्षांनी पहिल्याला 14,000 दिरहॅम मिळतील आणि दुसऱ्याला 7,000. शाळेला हे माहीत असते म्हणूनच बेसिक दाबून भत्ते फुगवलेले असतात.

रुपयात सांगितलेला पगार ऐकूच नका. दिरहॅम डॉलरला 3.6725 ने 1997 पासून बांधलेला आहे, म्हणून त्या दिवशीचा डॉलरचा भाव घ्या आणि 3.67 ने भागा. डॉलर 88 ला असला तर दिरहॅम 24 च्या जवळ, म्हणजे दीड लाख म्हणजे सव्वासहा हजार दिरहॅम. आता हा आकडा वरच्या फीच्या हिशोबाशी लावून बघा, पितळ लगेच उघडं पडते.

मग खर्च. शाळा घर देते म्हणते तर एकट्याला की शेअरिंगमध्ये, एका खोलीत किती, नवरा बायको लेकरू चालते का. घर देत नसेल तर दुबिझल नाहीतर बायूत या वेबसाईट उघडून शाळेच्या आसपासचं भाडं बघा. दुबईत भारतीय शाळा बऱ्याच अल कुसैस, ऊद मेथा भागात आहेत, शारजात भाडं कमी पण रोजचा ट्राफिक जीव काढते. भाडं तिथं महिन्याला देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, वर्षाचे दोन किंवा चार चेक आधीच द्यावे लागतात, म्हणजे गेल्या गेल्या हातात रोकड पाहिजे. घरच्यांना न्यायचं असेल तर फॅमिली व्हिसासाठी पगार निदान 4,000 दिरहॅम पाहिजे, किंवा 3,000 आणि सोबत राहायची जागा. 3,500 ची ऑफर एकट्या पोराला ठीक आहे, लग्न झालेल्यानं मात्र हे आधी बघावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार हा अजून एक खड्डा. काही शाळा करार 10 किंवा 11 महिन्यांचा करतात, जुलै ऑगस्ट कोरडा. विचारा सरळ, पगार बारा महिने का? तिकीट दरवर्षी का दोन वर्षांनी? लेकराची फी किती टक्के माफ आणि किती लेकरांची? लाजू नका, तिकडं हे प्रश्न सगळेच विचारतात, आपल्यालाच उगा वाटते की साहेबाला राग येईल.

मग तिथल्या माणसाला गाठा

लिंक्डइनवर शाळेचं नाव टाका, तिथं शिकवणारे आणि सोडून गेलेले दोन्ही निघतात. सोडून गेलेले जास्त मोकळं बोलतात. पगार किती असं पहिल्याच मेसेजमध्ये विचारलं तर कोणी उत्तर देत नाही, म्हणून असं विचारा की पगार कोणत्या तारखेला येतो, दिवसाला किती तासिका असतात, शनिवारी बोलावतात का, नव्या माणसाला क्लास टीचर करतात का. चार उत्तरं आली की माणूस आपोआप खुलते, मग म्हणा की मला इतकी ऑफर आहे, ठीक आहे का? आकडा तुम्ही आधी सांगितला तर तो हो किंवा नाही सहज म्हणते. दोन तीन माणसांना विचारा, एकाच्या भांडणावर शाळा ठरवू नका. आणि आपल्या अमरावती नागपूरकडचे लोक तिथं आहेतच, मराठी मंडळातून ओळख निघते.

भरती कधी असते ते बघून अर्ज टाका. भारतीय शाळांचं वर्ष तिकडं एप्रिलला सुरू होते, म्हणून मुलाखती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ब्रिटिश आणि आयबीवाल्यांचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी, त्यांची भरती ऑक्टोबरपासून चालू होते आणि जानेवारी फेब्रुवारीत जोर असतो. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आपले लोक मे महिन्यात निवांत अर्ज टाकत बसतात, तोवर एप्रिलवाल्या जागा भरून गेलेल्या असतात. मे जूनमध्ये जी जागा निघते ती कोणीतरी मधातच सोडून गेल्यामुळं, तिथं सोडून जाण्याचा आकडा दोनदा बघा.

अनुभवाबद्दल खरं सांगतो, कडू लागेल. मराठी माध्यमातला दहा वर्षांचा अनुभव तिकडं फारसा मोजत नाहीत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सीबीएसई शाळेत दोन वर्षं कमी पगारात का होईना काढली तर अर्ज पुढं सरकते. डेमो ऑनलाईन असते, इंग्रजीत, तेव्हा गावात लाईट आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, तालुक्याला मित्राच्या घरी नाहीतर अभ्यासिकेत जाऊन बसा.

एजंट आणि कागद

पदवीधरांचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. ऐकायला सोपं वाटते पण त्याचा अर्थ असा की मजुराचा करार सरकार तपासते आणि मास्तरचा कोणीच तपासत नाही. ते काम आपल्यालाच करायचं आहे. परदेशातल्या नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्याप्रमाणं नोंदणी लागते, सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि लायसन्स नंबर दिसते. आणि तो जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेऊ शकते, त्याची पावती द्यावी लागते. दोन लाख मागत असेल, पावती नाही म्हणत असेल, टुरिस्ट व्हिसावर जा तिकडं बदलून देऊ म्हणत असेल तर फोन ठेवा. शंका असली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, 1800113090. चांगल्या शाळा बहुतेक थेट आपल्या वेबसाईटवरूनच अर्ज घेतात, आणि युएईच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे.

युएईची खरी ऑफर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात येते, अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीतही मिळते, ती मागून घ्या आणि शाळेच्या लेटरशी आकडा आकडा ताडून बघा. दोन्हीत फरक असेल तर मंत्रालयाचा खरा. प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही, पासपोर्ट शाळेनं आपल्याकडं ठेवणं बेकायदेशीर आहे.

डिग्री आणि बीएडच्या साक्षांकनाला वेळ लागते, आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग युएईची वकिलात. सौदीनं 2022 च्या डिसेंबरपासून आणि ओमाननं त्याच्या कितीतरी आधीपासून अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, जो करारातल्या देशांत चालते) मान्य केलं, तिकडं वकिलातीची चक्कर वाचते. तुमची डिग्री अजून विद्यापीठातून उचललीच नसेल, नुसती मार्कशीट घेऊन बसले असाल, तर आजच अर्ज करा. नावातला फरक, आधारवर एक आणि मार्कशीटवर एक, लग्नानंतरचं आडनाव, हेही आत्ताच निस्तरा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून निघते, पण ते आधी काढून ठेवू नका, शाळा ताजं मागते.

अनुभवाचा दाखला संस्थेकडून गोडीत असतानाच घ्या, राजीनाम्याचं नाव काढल्यावर बरेच संस्थाचालक महिनाभर फिरवतात. राजीनामा मात्र मंत्रालयाची ऑफर आणि एंट्री परमिट हातात आल्याशिवाय देऊ नका, शाळेची एचआर मॅडम फोनवर कितीही गोड बोलली तरी.